पोटाची गोळी आणि प्लेटलेट: एका संशयाचा तपास

३० मार्च २००७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक घोषणा केली. आपल्या विनंतीवरून नोव्हार्टिस कंपनी 'झेलनॉर्म' ही गोळी बाजारातून काढून घेत आहे, असं त्यात म्हटलं होतं. गोळीतलं औषध होतं टेगासेरॉड. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आपण ज्याला आयबीएस म्हणतो, त्यातल्या बद्धकोष्ठाच्या प्रकारासाठी जुलै २००२ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली होती आणि तीही फक्त स्त्रियांसाठी. २००४ मध्ये ६५ वर्षांखालच्या जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांनाही ती देता येऊ लागली. पोट फुगणं, कळ येणं, चार-चार दिवस साफ न होणं यांनी पिचलेल्या अनेक बायकांना तिने खरोखर आराम दिला होता. ती बंद होण्याचं कारण मात्र पोटाशी संबंधित नव्हतं. कारण हृदयाचं होतं.

स्वित्झर्लंडच्या औषध नियामकाने मागणी केल्यावर कंपनीने २९ चाचण्यांची माहिती एकत्र केली. टेगासेरॉड घेतलेले ११,६१४ रुग्ण होते. औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी घेतलेले, म्हणजे प्लासिबो गटातले, ७,०३१. पहिल्या गटात १३ जणांना रक्तपुरवठा अडल्याने होणारा गंभीर त्रास झाला होता: चौघांना हृदयविकाराचा झटका आला व त्यातला एक दगावला, सहा जणांना अस्थिर अंजायना झाला, तिघांना पक्षाघात. दुसऱ्या गटात एकच जण, आणि त्याची पक्षाघातासारखी लक्षणंही पुढे आपोआप निवळली. टक्केवारीत सांगायचं तर ०.११ विरुद्ध ०.०१.

हे आकडे वाचताना बहुतेकांची नजर १३ वर थांबते. माझी एकवर थांबते. औषध गट मोठा होता, त्यामुळे औषधाचा काहीही संबंध नसता तरी एकूण १४ घटनांपैकी साधारण नऊ तिकडे आणि पाच प्लासिबोकडे जायला हव्या होत्या. पाचांऐवजी एकच घडली. निव्वळ योगायोगाने अशी विभागणी होण्याची शक्यता काढली तर ती शंभरात एक-दोन निघते. म्हणजे दुर्लक्ष करावं इतकी मोठी नाही, आणि गुन्हा शाबीत झाला म्हणावं इतकी छोटीही नाही. शिवाय त्रास झालेल्या त्या रुग्णांना आधीपासूनच हृदयविकार तरी होता किंवा त्याचा धोका वाढवणारं काहीतरी होतं. अशा वेळी शास्त्रज्ञ एक साधा प्रश्न विचारतात: आतड्यावर काम करणारी गोळी हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत अडथळा करेल तर कोणत्या वाटेने? ती वाट सापडली तर संशयाला बळ येतं. खूप शोधूनही सापडली नाही तर संशय सैल होतो. सर्वांत आधी ज्या वाटेकडे बोट गेलं ती प्लेटलेटची.

आपल्याकडे प्लेटलेट हा शब्द डेंग्यूने घरोघरी पोचवला. पावसाळ्यात रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाईक एकमेकांना विचारतात, "आज किती आल्या?" उत्तर हजारांत असतं, आणि दीड लाख ते साडेचार लाख हा निरोगी पट्टा आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण ही सगळी मोजणी संख्येची. प्लेटलेट संख्येने भरपूर असूनही चिकटत नसतील तर माणूस रक्तस्रावाने हैराण होतो, आणि गरजेपेक्षा जास्त चिकटत असतील तर गुठळी होते. टेगासेरॉडवरचा संशय संख्येबद्दल नव्हताच. तो या चिकटण्याबद्दल होता.

संशयाचं मूळ सेरोटोनिनमध्ये आहे. मेंदूतलं, मूड ठरवणारं रसायन म्हणून त्याची ख्याती झाली, पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात ते पचनमार्गाच्या अस्तरातून वेगळं काढलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या रॅपपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तातून, रक्तवाहिन्या आकसवणारा पदार्थ म्हणून, ते स्वतंत्रपणे शोधलं. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे पुढे १९५२ च्या सुमारास पक्कं झालं. आतडं आणि रक्तवाहिनी हे दोन धागे अशा रीतीने पहिल्यापासूनच एकमेकांत अडकलेले होते.

प्लेटलेटला स्वतःचं सेरोटोनिन बनवता येत नाही. आतड्यातून रक्तात झिरपलेलं ती शोषून घेते आणि आपल्या पोटातल्या दाट कणांत साठवते. रक्तवाहिनीला इजा झाली की हा साठा बाहेर ओतला जातो. शेजारच्या प्लेटलेटवर त्याला पकडणारे ग्राहक असतात, 5-एचटी2ए नावाचे. त्यांच्यावर सेरोटोनिन बसलं की प्लेटलेट जागी होते. मात्र एकट्या सेरोटोनिनचं बळ कमी असतं. त्याच्या जोडीला एडीपी किंवा कोलॅजनसारखा दुसरा उत्तेजक पदार्थ असेल तरच त्याचा जोर दिसतो. टेगासेरॉड ज्यावर काम करतं ते ग्राहक वेगळे, 5-एचटी4 गटाचे, आतड्याची हालचाल वाढवणारे. कागदावर तरी दोन्ही दारांची कुलुपं वेगवेगळी आहेत. पण टेगासेरॉडची रेणुरचना सेरोटोनिनशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे ते भलत्या कुलपातही फिरतं का, हे तपासणं भाग होतं.

हे तपासायचं यंत्र काही नवं नव्हतं. १९६२ मध्ये लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी त्याची पद्धत मांडली. हे गुस्ताव म्हणजे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव; मॅक्स बॉर्न १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत राहून गेले होते. मुलाने शोधलेली युक्ती साठ वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत जवळपास तशीच वापरली जाते. ती जवळून पाहण्यासारखी आहे.

निळ्या झाकणाच्या नळीत सोडियम सायट्रेट असतं, त्याच्या नऊ पट रक्त त्यात घेतात. सुई एका टोचण्यात शिरेत जायला हवी. शिर शोधत सुई आत इकडे-तिकडे फिरवली की उतींतले पदार्थ मिसळतात आणि प्लेटलेट नळीतच बिथरतात. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ पहिलं थोडं रक्त वेगळ्या नळीत सोडून देतात. नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, कारण थंडीने प्लेटलेटचा आकारच बदलतो. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा नमुना बर्फाच्या पिशवीत घालून मोटारसायकलवरून नेतो, ती सोय इतर तपासण्यांना चालते, या तपासणीला नाही. रुग्णाला प्रयोगशाळेतच यावं लागतं, रिकाम्या पोटी, कारण तेलकट जेवणानंतरचा रक्तद्रव गढूळ होतो आणि यंत्राचा सगळा भरवसा प्रकाशावर असतो. आधीच्या सात ते दहा दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं नसावं. डोकेदुखीची, सर्दीची गोळी म्हणून नकळत घेतलेलं ॲस्पिरिनही धरायचं. प्लेटलेटचं आयुष्यच तेवढं असतं, आणि ॲस्पिरिन लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते.

मग रक्त हळू फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर प्लेटलेटने भरलेला, किंचित दुधट असा रक्तद्रव राहतो. उरलेलं रक्त जोराने फिरवून प्लेटलेट नसलेला स्वच्छ द्रव वेगळा काढतात. दुधटपणा म्हणजे शून्य आणि स्वच्छ द्रव म्हणजे शंभर, अशी मोजपट्टी लावतात. काचेच्या छोट्या नळीत दुधट द्रव ३७ अंशांवर ठेवलेला असतो, तळाशी बारीक लोखंडी कांडी गरगर फिरत असते, एका बाजूने प्रकाश जात असतो. आता एडीपीचा एक थेंब टाकला की आलेखाची रेघ आधी क्षणभर उलट्या बाजूला वळते. प्लेटलेट तबकडीचा आकार सोडून काटेरी गोळा होतात, त्याची ती खूण. मग त्या एकमेकींना चिकटून गुच्छ बनतात, द्रव स्वच्छ होत जातो, प्रकाश जास्त जातो आणि रेघ चढू लागते. कमी एडीपी असेल तर ती थोडी चढून परत उतरते. जास्त असेल तर मध्ये क्षणभर रेंगाळून दुसऱ्यांदा उसळते आणि वरच राहते. नीट पाहिलं तर नळीत पांढुरके कण तरंगताना नुसत्या डोळ्यांना दिसतात.

एखादी गोळी प्लेटलेटवर परिणाम करते का, हे पाहायचं तर याच द्रवात आधी त्या औषधाचा अंश मिसळून काही मिनिटं थांबतात आणि मग एडीपी, कोलॅजन, ॲरॅकिडोनिक आम्ल, ॲड्रेनॅलिन एकेक करून टाकून पाहतात. खरं कसब इथून पुढे लागतं. पहिला प्रश्न मात्रेचा. टेगासेरॉडची सहा मिलिग्रॅमची गोळी उपाशीपोटी घेतली तर तिचा दहा टक्क्यांच्या आसपासच भाग रक्तात पोचतो. जेवणाबरोबर घेतली तर त्याहूनही कमी. रक्तातली तिची कमाल पातळी मिलिलिटरला तीन नॅनोग्रॅमच्या जवळपास असते आणि त्यातही ९८ टक्के प्रथिनांना बांधलेली. काचेच्या नळीत याच्या हजारपट औषध ओतून परिणाम दाखवला तर त्याचा रुग्णाशी संबंध काय? उलट, फक्त नेहमीच्या पातळीवर तपासून 'काही नाही' म्हटलं तर यकृत थकलेल्या किंवा जास्त गोळ्या घेतलेल्या माणसाचं काय? म्हणून नेहमीच्या पातळीपासून तिच्या कित्येक पटींपर्यंत चढती मात्रा घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न उत्तेजकाच्या जोराचा. भरपूर एडीपी टाकलं की रेघ तशीही नव्वदपर्यंत चढते, मग औषधाने आणखी ढकललं तरी दिसणार काय? वाढ पकडायची तर उत्तेजक इतकं कमी हवं की एकट्याने रेघ जेमतेम हलेल. सेरोटोनिनसारख्या औषधाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट महत्त्वाची, कारण त्याचा प्रताप मुळातच दुसऱ्याला बळ देण्यात असतो. तिसरी अडचण क्षुल्लक वाटते पण तीच प्रयोग बिघडवते: पाण्यात न विरघळणारं औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात आणि डीएमएसओ स्वतःच, जास्त झालं तर, प्लेटलेटला मंद करतं. तेव्हा औषधाशिवाय नुसतं डीएमएसओ टाकलेली जोडनळी शेजारी हवीच. आणि तपासणीला परिणाम ओळखता येतो हे सिद्ध करण्यासाठी, जिचा परिणाम आधीच माहीत आहे अशा पदार्थाची एक नळीही हवी. ती नसेल तर 'परिणाम आढळला नाही' या वाक्याला मी किंमत देत नाही.

टेगासेरॉडवर असे दोन अभ्यास छापून आले, आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत. २०१० मध्ये व्हिक्टर सेरेब्रुआनी आणि सहकाऱ्यांनी मानवी प्लेटलेटवर केलेल्या प्रयोगात टेगासेरॉडने गुच्छ बनण्याचं प्रमाण थोडंसं वाढलेलं आढळलं. वाढ किरकोळ होती, पण हिशेबात बसणारी होती. २०१२ मध्ये हिगिन्स, बीटी आणि सहकाऱ्यांनी उपचाराच्या पातळीहून कितीतरी जास्त मात्रा वापरल्या आणि त्यांना प्लेटलेटवर काहीच परिणाम दिसला नाही. त्यांनी हृदयाच्या धमनीच्या आकसण्यावरही पाहिलं, तिथेही नाही. पहिल्या अभ्यासात औषध बनवणाऱ्या कंपनीची माणसं सहभागी होती आणि उत्तर तिला गैरसोयीचं आलं. दुसरा अभ्यास याच गटातलं नवं औषध घडवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांचा, म्हणजे 5-एचटी4 या वाटेवरचा डाग पुसला जावा असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं. हितसंबंध दोन्हीकडे होते, म्हणून कुणाला खोटं ठरवायचं कारण नाही. रक्त देणारी माणसं वेगळी, उत्तेजकांची मिश्रणं वेगळी, आणि शोधायचा परिणाम इतका बारीक की माणसामाणसांतल्या फरकात तो सहज बुडून जावा.

दोन्ही अभ्यास गोळी बंद झाल्यानंतरचे आहेत, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. पद्धत १९६२ पासून हाताशी. सेरोटोनिनचं आणि प्लेटलेटचं नातं पाठ्यपुस्तकात. तरी हा प्रश्न वैद्यकीय नियतकालिकांत आला तो १३ रुग्णांनंतर.

काचेच्या नळीची मर्यादाही इथेच सांगायला हवी. त्या नळीत रक्तवाहिनीची भिंत नाही, वाहतं रक्त नाही, तांबड्या पेशी नाहीत, आणि सायट्रेटने कॅल्शियम बांधून टाकलेलं आहे. एडीपीची ती दुसरी उसळी बऱ्याच अंशी या कमी कॅल्शियममुळेच दिसते. शरीरातल्या रक्तात ती तशी नसते. म्हणून या तपासणीचं उत्तर 'अशी वाट असू शकते' किंवा 'ही वाट दिसत नाही' एवढंच असतं. माणसाला झटका येईल की नाही ते माणसांतच पाहावं लागतं.

ते पाहिलं गेलं. युटा राज्यातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदींतून टेगासेरॉड घेतलेल्या २,६०३ जणांची, न घेतलेल्या पण इतर बाबतींत सारख्या लोकांशी तुलना झाली. विम्याच्या नोंदींवर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासात ५२ हजारांहून अधिक टेगासेरॉड घेणारे होते. दोन्हींत हृदयविकार किंवा पक्षाघाताचा ठळक वाढलेला धोका निघाला नाही. दुसऱ्या अभ्यासात तर धोक्याचं गुणोत्तर एकाच्या किंचित खालीच होतं. अशा नोंदींच्या अभ्यासात एक खोट असते: २००२ नंतर डॉक्टरांनी ही गोळी मुळात तरुण, धडधाकट बायकांनाच जास्त दिली असणार, आणि त्यांना झटका तसाही क्वचित येतो. तरी ५२ हजार ही संख्या २९ चाचण्यांच्या बेरजेहून कितीतरी मोठी आहे.

या सगळ्याचं वजन करून ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने ११ विरुद्ध १ मतांनी गोळी परत आणायला हरकत नाही असं सांगितलं, आणि २०१९ मध्ये ती परतली. अट मात्र कडक होती: ६५ वर्षांखालच्या स्त्रिया, आणि हृदयविकार, पक्षाघात किंवा आतड्याचा रक्तपुरवठा अडल्याचा पूर्वेतिहास नसलेल्या. २०२२ मध्ये तेव्हाच्या मालक कंपनीने ती पुन्हा बाजारातून काढली. यावेळी कारण व्यावसायिक होतं. भारतात केंद्र सरकारने मार्च २०११ मध्ये टेगासेरॉडवर बंदी घातली. त्याच्या महिनाभर आधी सिसाप्राइडवर घातली होती.

सिसाप्राइडचं नाव याच संदर्भात अनेकदा घेतलं जातं, पण त्याचा गुन्हा वेगळा होता. तेही 5-एचटी4 गटाचं, जळजळीवर जगभर खपलेलं. १९९९ अखेरपर्यंत अमेरिकेत हृदयाच्या ठोक्याची लय बिघडल्याचे ३४१ प्रकार आणि ८० मृत्यू त्याच्या नावावर नोंदले गेले आणि २००० मध्ये ते तिथल्या दुकानांतून गेलं. त्याने हृदयाच्या पेशींतला पोटॅशियमचा मार्ग अडत असे. प्लेटलेटशी त्याचा संबंध नव्हता. ॲलोसेट्रॉन हे तिसरं, जुलाबाच्या आयबीएससाठीचं. आतड्याचाच रक्तपुरवठा अडण्याच्या घटनांमुळे २००० मध्ये ते बंद झालं आणि २००२ मध्ये कडक अटींवर परत आलं. तिन्ही औषधं पोटाची, तिन्ही सेरोटोनिनच्या घराण्यातली, आणि तिन्ही बाजारातून गेली ती मुख्यतः रक्तपुरवठ्याच्या किंवा ठोक्याच्या प्रश्नावर. त्यामुळे या घराण्यातल्या प्रत्येक नव्या रेणूची प्लेटलेटवर, धमनीवर आणि हृदयाच्या विद्युतमार्गांवर आधीच परीक्षा व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे.

प्रुकॅलोप्राइडच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी पुरी झाली. हे औषध 5-एचटी4 ला नेमकं धरतं, भलत्या कुलपांत फारसं फिरत नाही. युरोपात ते २००९ मध्ये आलं, अमेरिकेत थेट २०१८ मध्ये, आणि मधल्या वर्षांत त्याच्या हृदयावरच्या परिणामांचा कसून शोध घेतला गेला. २०१८ मध्ये छापलेल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासमालेत मानवी प्लेटलेटच्या गुच्छ बनण्यावर त्याचा परिणाम दिसला नाही. युरोपातल्या रुग्णनोंदींच्या अभ्यासात प्रुकॅलोप्राइड घेणाऱ्या ५,७१५ जणांची पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं रेचक घेणाऱ्या २९ हजारांहून अधिक लोकांशी तुलना झाली, त्यातही झटक्याचा किंवा पक्षाघाताचा वाढीव धोका निघाला नाही. प्रयोगशाळा आणि लोकसंख्या, दोन्हीकडून एकच उत्तर आलं. टेगासेरॉडला हे भाग्य मिळालं नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि आपल्याकडच्या घरांना तीच जास्त भिडते. पोटाचं औषध प्लेटलेटला स्वतः हात न लावताही तिच्या कामावर परिणाम करू शकतं: प्लेटलेट आवरणाऱ्या दुसऱ्या गोळीच्या आड येऊन. अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलेल्या माणसाला ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल दिलं जातं. आपण त्यांना 'रक्त पातळ करायच्या गोळ्या' म्हणतो, खरं तर त्या प्लेटलेटला चिकटू देत नाहीत. या दोन्हींमुळे जठरात रक्तस्राव होऊ नये म्हणून जोडीला 'पित्ताची गोळी' येते. अनेक हृदयरुग्णांच्या डब्यात हे त्रिकूट असतं.

क्लोपिडोग्रेल गोळीत असतं त्या रूपात निष्क्रिय असतं. त्याचा सुमारे ८५ टक्के भाग वायाच जातो. उरलेला यकृतातल्या विकरांनी दोन पायऱ्यांत सक्रिय होतो आणि प्लेटलेटवरच्या पी2वाय12 या एडीपीच्या ग्राहकाला कायमचा बंद करतो. या पायऱ्यांवरचं मुख्य विकर म्हणजे सीवायपी2सी19. पित्ताची गोळी म्हणून दिलं जाणारं ओमेप्राझोल नेमकं त्याच विकराला अडवतं. फ्रान्समधल्या ब्रेस्ट शहरात मार्टिन जिलार आणि सहकाऱ्यांनी हे माणसांत मोजलं. स्टेंट बसवलेल्या १२४ रुग्णांना दोन्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. निम्म्यांना जोडीला ओमेप्राझोल, बाकीच्यांना प्लासिबो. सात दिवसांनी प्लेटलेटचा शिल्लक प्रतिसाद प्लासिबो गटात सरासरी ३९.८ टक्के होता, ओमेप्राझोल गटात ५१.४. यात व्हॅस्प नावाच्या प्रथिनावरची खूण मोजतात. बॉर्नच्या नळीपेक्षा ही तपासणी जास्त नेमकी, कारण ती थेट पी2वाय12 चंच काम पाहते. २००८ मध्ये छापलेला हा छोटा अभ्यास माझ्या मते या सबंध विषयातला सर्वांत स्वच्छ पुरावा आहे: प्रश्न एक, रुग्ण खरे, औषधाची मात्रा रोजची, आणि फरक ठसठशीत.

पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या ८,२०५ नोंदींवरून क्लोपिडोग्रेल आणि पित्ताची गोळी एकत्र घेणाऱ्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण जास्त दिसलं आणि नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकी प्रशासनाने क्लोपिडोग्रेल आणि ओमेप्राझोलची जोडी टाळा असा इशारा दिला. सकाळी एक आणि रात्री एक असं अंतर ठेवून घेतलं तरी उपयोग नाही, हेही सांगितलं. मग २०१० मध्ये हीच जोडी रुग्णांत तपासणाऱ्या कोजेंट नावाच्या चाचणीचा निकाल आला. त्यात ३,७६१ रुग्ण होते. ओमेप्राझोल घेणाऱ्यांत पोटाचे गंभीर त्रास २.९ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले आणि हृदयाच्या घटना मात्र वाढल्या नाहीत: ४.९ विरुद्ध ५.७ टक्के. पण पुरस्कर्त्या कंपनीचा पैसा संपल्यामुळे चाचणी मध्येच थांबली होती, त्यामुळे छोटा धोका असलाच तर तो पकडण्याइतकी ती मोठी राहिली नाही. प्लेटलेटची तपासणी ठामपणे 'फरक आहे' म्हणते, रुग्णांची चाचणी 'झटके वाढले नाहीत' म्हणते. दोन्ही खरं असू शकतं. नळीतला दहा-बारा टक्क्यांचा फरक बहुतेकांच्या आयुष्यात झटक्यापर्यंत पोचत नाही. प्रश्न उरतो तो ज्यांच्याकडे मुळातच गंगाजळी कमी आहे त्यांचा.

आणि अशी माणसं आपल्याकडे खूप आहेत. सीवायपी2सी19 चं काम न करणारं जनुकरूप दक्षिण आशियाई लोकांत जवळपास एक तृतीयांश इतक्या वारंवारतेने आढळतं. युरोपीय वंशाच्या लोकांत ते याच्या निम्म्याच्या आसपास असतं. ज्यांना आईवडील दोघांकडून तेच रूप मिळालं, त्यांच्यात क्लोपिडोग्रेल धड सक्रियच होत नाही. एकाकडूनच मिळालं असेल तर विकर अर्ध्या ताकदीवर चालत असतं, आणि त्यावर ओमेप्राझोलने आणखी पाय दिला तर काय उरेल, हा प्रश्न ब्रेस्टपेक्षा पुण्या-नागपुरात जास्त तातडीचा आहे. पित्ताचीच दुसरी गोळी, पॅन्टोप्राझोल, या विकराला खूप कमी अडवते, म्हणून क्लोपिडोग्रेल चालू असताना सहसा तेच दिलं जातं. अडचण तिथे नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा जळजळ वाढली म्हणून रुग्ण कोपऱ्यावरच्या औषध दुकानात जातो आणि दुकानदार "काका, ही घ्या, याने लगेच बरं वाटेल" म्हणत ओमेप्राझोलची पट्टी पुढे करतो. हृदयाची फाईल घरी कपाटात असते आणि पोटाचं दुखणं फाईलबाहेरचं मानलं जातं.

आयबीएसच्या रुग्णांना कधीकधी नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्याही देतात. त्यांचा परिणाम उलट दिशेने जातो. त्या प्लेटलेटचं सेरोटोनिन शोषण्याचं दार बंद करतात, साठा रिकामा होतो, चिकटण्याचा जोर घटतो. एकट्याने फार बिघडत नाही, पण ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकांच्या जोडीला जठरातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. प्लेटलेटला सेरोटोनिन लागतं, याचा हा माणसांत रोज दिसणारा पुरावा आहे, आणि टेगासेरॉडवरचा संशय अगदीच हवेतला नव्हता हेही त्यावरून कळतं.

मग टेगासेरॉडचं काय म्हणायचं? २००७ मध्ये ते काढलं ते बरोबर केलं, असं माझं मत आहे. दुखणं त्रासदायक पण जीवघेणं नव्हतं, पर्याय होते, आणि आकडे शंका घेण्याजोगे होते. पण ते प्लेटलेटला चिकट करून झटके आणतं, हा आरोप आजवरच्या तपासणीवर टिकत नाही. एका अभ्यासातली किरकोळ वाढ दुसऱ्यात जास्त मात्रेवरही दिसत नाही, आणि हजारो रुग्णांच्या नोंदी तिला दुजोरा देत नाहीत.

आपल्या दुकानांत मात्र टेगासेरॉडच्याच 5-एचटी4 या वाटेवर काम करणारी औषधं आजही रोज विकली जातात: प्रुकॅलोप्राइड, मोसाप्राइड, आणि राबेप्राझोलच्या जोडीने सर्रास लिहून दिलं जाणारं लेवोसल्पिराइड, ज्याचं मुख्य काम डोपामिन अडवण्याचं असलं तरी ते 5-एचटी4 लाही चेतवतं. ती घेणाऱ्यांत साठी ओलांडलेले, मधुमेह आणि रक्तदाब असलेले, स्टेंट बसवलेले रुग्ण भरपूर आहेत, म्हणजे त्यांतले अनेक जण असे, ज्यांना टेगासेरॉडच्या परतीच्या अटींनी बाहेर ठेवलं होतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था आहे. जन्मतः प्लेटलेट न चिकटणाऱ्या ग्लान्झमन आजाराचं निदान तिथे अशाच तपासण्यांनी होतं. यंत्र, माणसं, हात सगळं आहे. क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या रुग्णांचं सीवायपी2सी19 जनुक तपासायचं, पोटाची गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी एकदा रक्त घ्यायचं, कमी एडीपीवर आणि एडीपी-सेरोटोनिनच्या मिश्रणावर रेघ काढायची, जोडीला व्हॅस्प मोजायचं, आणि नळीजवळ बसलेल्याला कोणत्या रुग्णाने कोणती गोळी घेतली हे कळू द्यायचं नाही. जिलार यांना १२४ रुग्ण पुरले होते. मुंबईतल्या एका मोठ्या हृदयरोग विभागाच्या बाह्यरुग्ण रांगेत तेवढे मिळायला फार वेळ लागणार नाही.